खाणींच्या खड्ड्यांतून घटणारे नदीचे पाणी व भाडेपट्ट्याच्या पाण्याने त्याची भरपाई : कोलोरॅडोचा अनुभव आणि पंचगंगा खोरे

सारांश

नदीकाठच्या वाळू-खडीच्या खाणी भूजलपातळीच्या खाली गेल्या की त्यांत पाणी उघडे पडते आणि बाष्पीभवनाने ते सतत कमी होत राहते. ही घट अंतिमतः नदीच्याच प्रवाहातून वजा होते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने अशा खड्ड्यास कायद्याने विहिरीचा दर्जा दिला आणि घटलेल्या पाण्याची भरपाई, बहुधा भाडेपट्ट्याने घेतलेल्या पाण्यातून, खाणचालकावर बंधनकारक केली. महाराष्ट्रात गौण खनिज आणि पाणी यांचे नियमन स्वतंत्र कायद्यांनी होते व त्यांच्यात या प्रश्नापुरता दुवा नाही. प्रस्तुत लेखात भरपाईच्या व्यवस्थेचे शास्त्रीय व कायदेशीर स्वरूप स्पष्ट करून पंचगंगा खोऱ्याच्या संदर्भात तिची उपयुक्तता व मर्यादा तपासली आहे.

प्रस्तावना

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसविलेली शाहूपुरी ही पेठ गुळाच्या व्यापारामुळे नावारूपाला आली. हा गूळ पंचगंगा व तिच्या उपनद्यांच्या काठावरील उसाचा आणि तो ऊस नदीतून उपसलेल्या पाण्याचा. कोल्हापूरच्या अर्थव्यवस्थेत नदीचे पाणी मोजण्याची परंपरा त्यामुळे जुनी आहे. कोणत्या योजनेस किती अश्वशक्तीचा पंप, बंधाऱ्यात किती बरगे घातले, धरणातून किती पाणी सोडले, उपसाबंदी कोणत्या दिवसापासून, हे सारे शेतकऱ्याला तोंडपाठ असते.

या हिशेबात एक खर्च मात्र कोठेही लिहिला जात नाही. नदीपात्रातून व काठच्या जमिनीतून वाळू, खडी, मुरूम आणि वीटभट्टीची माती काढल्यानंतर जे खड्डे उरतात, त्यांच्या उघड्या पृष्ठभागावरून पाणी उडून जाते. या पाण्यासाठी कोणी परवानगी मागत नाही, पाणीपट्टी भरत नाही आणि उपसाबंदीच्या काळातही हा उपसा थांबत नाही. बंदी पाळणारा शेतकरी आपला पंप बंद ठेवतो. शेजारचा खड्डा मात्र रात्रंदिवस चालू असलेल्या पंपासारखा काम करीत राहतो. पाण्याच्या न्याय्य वाटपाचा विचार करताना हा प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नाही.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) खाणीच्या खड्ड्यामुळे नदीचे पाणी कसे घटते हे स्पष्ट करणे, (२) कोलोरॅडो राज्यातील भरपाईच्या व्यवस्थेचा परिचय करून देणे, आणि (३) महाराष्ट्रातील कायद्यांच्या चौकटीत अशा व्यवस्थेला कितपत जागा आहे याचा विचार करणे. विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केले आहे.

खड्डा पाणी कसे घेतो ?

नदीकाठच्या गाळाच्या थरात वाळू व खडीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. हे भूजल नदीपासून वेगळे नसते. नदीची पातळी उतरली की थरातील पाणी नदीत येते, नदी फुगली की नदीचे पाणी थरात शिरते. जमिनीखाली असेपर्यंत या पाण्याला ऊन-वारा लागत नाही. वरचा थर काढून टाकताच तेच पाणी उघडे पडते आणि खड्ड्यातील पातळी टिकवून ठेवण्यासाठी भोवतालच्या थरातून व शेवटी नदीतून नवे पाणी झिरपत येते. म्हणून खड्डा आटलेला दिसत नाही. तो भरलेला दिसतो, हेच त्यातील नुकसानीचे लक्षण होय.

तथापि, सर्व खड्डे सारखे नसतात. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतील. पहिला प्रकार गाळाच्या थरातील खड्ड्यांचा. यांचा नदीशी थेट संबंध असतो. दुसरा प्रकार नदीपात्रातच केलेल्या उत्खननाचा. येथे वाळूचा थर जाऊन पात्र खोल होते. तिसरा प्रकार कठीण पाषाणातील खाणींचा. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्ट खडकाचा असल्याने हा प्रकार आपल्याकडे सर्वत्र आढळतो. कोल्हापूर शहरातील इराणी खण हे त्याचे परिचित उदाहरण. पंचगंगेचे प्रदूषण टाळण्यासाठी गणेशमूर्तींचे विसर्जन जेथे केले जाते, ती ही दगडाची जुनी खाण आहे. तिच्या शेजारचा रंकाळा तलावही मुळात दगडाची खाणच होता, असे परंपरेने सांगितले जाते. अशा खाणींत साठणारे पाणी बरेचसे पावसाचे असते व त्यांचा नदीशी असलेला संबंध खडकातील भेगांवर अवलंबून असतो. भरपाईचा प्रश्न मुख्यतः पहिल्या प्रकारात उद्भवतो. दुसऱ्या प्रकारात त्याहून गंभीर असा एक प्रश्न आहे, त्याचा विचार पुढे केला आहे.

नुकसानीचा हिशेब

खड्ड्यामुळे होणारी घट तीन वाटांनी होते : पाण्याच्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन, ओल्या मालाबरोबर बाहेर जाणारे पाणी, आणि माल धुण्यासाठी व धूळ दाबण्यासाठी वापरलेले पाणी. यांतील पहिली वाट सर्वांत मोठी व कायमची असते, कारण उत्खनन थांबले तरी ती बंद होत नाही.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दररोज सरासरी ६ मिलिमीटर पाणी उडते असे उदाहरणापुरते गृहीत धरू. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत ही घट ७२० मिलिमीटर होते. एक हेक्टर क्षेत्राच्या खड्ड्यातून या काळात ७,२०० घनमीटर, म्हणजे ७२ लाख लिटर पाणी जाते. जल जीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटर या मापाने पाहिल्यास हे पाणी सुमारे १,०९० माणसांना तेवढेच चार महिने पुरले असते. खड्डे दहा असतील, तर हा आकडा एका मोठ्या गावाचा होतो.

मालाबरोबर जाणाऱ्या पाण्याचाही अंदाज करता येतो. पाण्याखालून काढलेल्या मालात वजनाच्या ४ टक्के पाणी राहते, असे प्रमाण कोलोरॅडोतील योजनांत सामान्यतः धरले जाते. आपल्याकडील एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट किंवा सुमारे २.८३ घनमीटर. तिचे वजन साधारण साडेचार टन धरल्यास प्रत्येक ब्रासमागे सुमारे १८० लिटर पाणी ट्रकमधून निघून जाते. दहा हजार ब्रास उत्खननामागे ते १८ लाख लिटर होते.

या हिशेबात दोन दुरुस्त्या आवश्यक ठरतात. पहिली अशी की, खड्डा होण्यापूर्वी त्या जागेवर गवत, झुडपे किंवा पीक होते व तेही पाणी घेत होते. तेवढे पाणी घटीतून वजा करावयास हवे. दुसरी दुरुस्ती काळाची. पावसाळ्यात कोल्हापूरच्या नद्या दुथडी भरून वाहतात, तेव्हाच्या बाष्पीभवनाने कोणाचे नुकसान होत नाही. वर्षभराचा पाऊस व वर्षभराचे बाष्पीभवन यांची वजाबाकी केली, तर खड्ड्याचा हिशेब निरुपद्रवी दिसेल. प्रत्यक्षात जुलैतील अधिक पाणी एप्रिलमधील तूट भरून काढीत नाही. म्हणून घट व भरपाई महिन्यागणिक मोजावी लागते.

याखेरीज खड्डा नदीपासून दूर असेल, तर त्याचा परिणाम नदीपर्यंत पोहोचण्यास काही महिने किंवा वर्षेही लागतात. रॉबर्ट ग्लोव्हर व ग्लेन बाल्मर यांनी १९५४ साली नदीकाठच्या विहिरीमुळे नदीत होणारी घट काळानुसार काढण्याचे गणित मांडले. थराची जाडी, त्यातून पाणी वाहण्याची सुलभता आणि नदीपासूनचे अंतर यांवर ते आधारलेले असून कोलोरॅडोत या पद्धतीचा आजही उपयोग केला जातो.

कोलोरॅडो : खड्डा म्हणजे विहीर

कोलोरॅडो हे कमी पावसाचे राज्य आहे. तेथील पाणीहक्काचे मूलतत्त्व ‘जो आधी, त्याचा हक्क आधी’ असे आहे. १८८२ सालच्या कॉफिन विरुद्ध लेफ्ट हँड डिच कंपनी या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते निःसंदिग्धपणे मान्य केले. नदीत पाणी कमी पडले की जुन्या तारखेचा हक्कदार मागणी नोंदवितो आणि नंतरच्या हक्कदारांना आपले दरवाजे बंद करावे लागतात.

विसाव्या शतकाच्या मध्यास साउथ प्लॅट व आर्कान्सा या नद्यांच्या खोऱ्यांत हजारो विहिरी झाल्या. विहिरीचे पाणी नदीतूनच येते हे लक्षात आल्यावर १९६९ सालच्या कायद्याने भूजल व नदी यांचे प्रशासन एकत्र केले. नव्या विहिरी सरसकट बंद करण्याऐवजी त्यात ‘भरपाई योजना’ ही कल्पना आणली गेली. नंतरच्या हक्कदाराने पाणी खुशाल घ्यावे, पण त्यामुळे नदीत जेवढी घट होईल तेवढे पाणी योग्य वेळी, योग्य ठिकाणी व योग्य प्रतीचे नदीत परत घालावे, असे तिचे स्वरूप आहे.

साउथ प्लॅट व तिच्या उपनद्यांच्या काठी वाळू-खडीच्या खाणी मोठ्या प्रमाणावर आहेत. खाणचालकांचा युक्तिवाद असा होता की, आम्ही खडी काढतो, पाणी उपसत नाही. कॅश ला पूडर नदीच्या पाणीवापरदारांनी यास आव्हान दिले. १९८८ साली थ्री बेल्स रँच आणि झिगन सँड अँड ग्रॅव्हल या दोन खटल्यांत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने भूजल उघडे पाडणारा खड्डा ही विहीरच ठरविली. तेथील कायद्यात विहिरीची व्याख्या करताना पाणी मिळविण्याचा हेतू किंवा तसा परिणाम, यांपैकी काहीही पुरेसे मानले आहे. खाणचालकाच्या मनात काय होते याला त्यामुळे महत्त्व उरले नाही; परिणाम काय झाला हे महत्त्वाचे ठरले.

या निर्णयांनंतर १९८९ साली विधिमंडळाने खाणींपुरता स्वतंत्र कायदा केला. भूजल उघडे पाडणाऱ्या खाणीस विहिरीचा परवाना आणि न्यायालयाने मंजूर केलेली भरपाई योजना किंवा राज्य अभियंत्याने मंजूर केलेली पर्यायी जलपुरवठा योजना आवश्यक करण्यात आली. १९८० अखेरपर्यंत उघड्या पडलेल्या जुन्या पाण्याच्या बाष्पीभवनास मात्र सूट मिळाली. ही सूट व्यवहार्य तडजोड होती. जुन्या खड्ड्यांचा भार त्यामुळे नदीवरच राहिला, हेही खरे.

भाडेपट्ट्याचे पाणी : व्यवस्था व धडे

खाणीचे आयुष्य काही वर्षांचे असते. तेवढ्यासाठी पाण्याचा कायमचा हक्क विकत घेणे चालकास परवडत नाही. म्हणून तो पाणी भाडेपट्ट्याने घेतो. देणारे बहुधा शहर किंवा पाणीपुरवठा संस्था असते. भविष्यातील लोकसंख्येसाठी शहराने आज राखून ठेवलेले जास्तीचे पाणी काही वर्षे भाड्याने दिल्यास शहराला उत्पन्न मिळते आणि नदीची तूट भरून निघते.

तथापि, प्रत्येक पाणी भरपाईस चालत नाही. शेतीला दिलेल्या पाण्यातील काही भाग झिरपून नदीत परत जातो व खालच्या हक्कदारांची त्यावर भिस्त असते. त्यामुळे जुन्या शेतीहक्काचे पाणी वळविताना पिकाने प्रत्यक्ष शोषलेला भागच मोजता येतो आणि त्याबरोबर ती जमीन कोरडी ठेवावी लागते. पर्वतापलीकडील खोऱ्यातून बोगद्यांद्वारे आणलेल्या पाण्याची गोष्ट निराळी. ते त्या नदीत निसर्गतः आलेच नसते, म्हणून आणणारे शहर ते संपेपर्यंत पुनःपुन्हा वापरू शकते. अशा पाण्यापासून तयार झालेले प्रक्रिया केलेले सांडपाणीही भाड्याने देता येते. नदीला अगोदरच मिळत असलेले पाणी ‘भरपाई’ म्हणून दाखविता येत नाही, हा या व्यवस्थेचा कणा आहे.

या व्यवस्थेने तीन धडे दिले आहेत. पहिला धडा अल्पमुदतीच्या भाडेपट्ट्यांच्या अनिश्चिततेचा. २००२ च्या तीव्र दुष्काळानंतर शहरांनी जास्तीचे पाणी स्वतःकडे ठेवले, भाड्याचे पाणी दुर्मीळ व महाग झाले. पुरेशी भरपाई दाखविता न आल्याने २००६ च्या मे महिन्यात साउथ प्लॅट खोऱ्यातील चारशेहून अधिक शेतीविहिरी, पेरण्या झालेल्या असताना, बंद कराव्या लागल्या. या विहिरी शेतीच्या होत्या, खाणींच्या नव्हत्या; पण वर्षावर्षाच्या भाड्यावर उभी राहिलेली भरपाई नेमकी टंचाईच्या वर्षी कोसळते, हे त्यातून दिसले.

दुसरा धडा कायमच्या दायित्वाचा. खाण संपते, कंपनी निघून जाते, खड्डा राहतो. म्हणून तेथे खाणकाम थांबल्यानंतरच्या घटीची तरतूद आधीच दाखवावी लागते. खड्डा भूजलपातळीच्या वर येईपर्यंत भरणे, त्यास चिकणमातीचे अस्तर किंवा भोवती जमिनीत खोल अपार्य भिंत घालून तो भूजलापासून तोडणे, किंवा पाण्याचा कायमचा हक्क त्यास जोडणे, असे पर्याय असतात. भिंत घातलेले अनेक खड्डे आज शहरांचे साठवण तलाव झाले आहेत.

तिसरा धडा सामाजिक आहे. पाणी हस्तांतरणीय झाले की ते पैसा असणाऱ्याकडे वाहू लागते. कोलोरॅडोतील क्राउली परगण्यात शेतकऱ्यांनी शहरांना पाणीहक्क विकल्यानंतर पन्नास हजार एकरांहून अधिक असलेले ओलित काही हजार एकरांवर आले आणि त्याबरोबर गावांचा व्यापार-उदीमही ओसरला. भाडेपट्टा हा विक्रीहून सौम्य मार्ग असला, तरी त्याची दिशा तीच आहे.

महाराष्ट्रातील कायदे : दोन स्वतंत्र वह्या

महाराष्ट्रात वाळू, खडी, दगड व मुरूम ही गौण खनिजे होत. त्यांचे उत्खनन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि २०१३ चे गौण खनिज नियम यांनुसार होते. स्वामित्वधन ब्रासवर आकारले जाते. सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरविली. केंद्र शासनाच्या २०१६ व २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उत्खननाच्या खोलीवर मर्यादा घातल्या आणि वाळूच्या पुनर्भरणाचा अभ्यास अपेक्षिला. वाळू गटाच्या लिलावापूर्वी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून पाहणीही होते. ही पाहणी उत्खननास जागा योग्य आहे किंवा नाही हे ठरविते. योग्य ठरलेल्या जागी किती पाणी घटेल व ते कोण भरून देईल, हा प्रश्न तेथे येत नाही. पुनर्भरण मोजले जाते ते वाळूचे.

पाण्याची वही वेगळी आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ अन्वये देशातील अशा स्वरूपाचे पहिले प्राधिकरण स्थापन झाले. या कायद्यात पाणीवापर हक्काची संकल्पना असून हक्कधारकाने आपला कोटा वार्षिक किंवा हंगामी तत्त्वावर दुसऱ्यास देण्याचे निकष ठरविण्याचा अधिकार प्राधिकरणास दिला आहे. त्याच वर्षीच्या, सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीच्या अधिनियमाने पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी देण्याची तरतूद केली. म्हणजे भाडेपट्ट्याच्या पाण्यासाठी लागणारी कायदेशीर बीजे आपल्याकडे आहेत. २०११ च्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय पाणीवाटपाचा अधिकार मात्र मंत्रिमंडळाकडे गेला.

तिसरा कायदा भूजलाचा. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आला. आपल्या भूजल कायद्यांची परंपरा विहिरीची व्याख्या पाण्याचा शोध वा उपसा या हेतूभोवती बांधते. ज्याने खडीसाठी खणले, तो या व्याख्येतून सहज निसटतो. कोलोरॅडोतील खाणचालकांचा १९८८ पूर्वीचा युक्तिवाद येथे अद्याप कोणी खोडून काढलेला नाही.

याच संदर्भात कृष्णा पाणीतंटा लवादाची एक तरतूद विशेष लक्षणीय आहे. न्यायमूर्ती बचावत यांच्या अध्यक्षतेखालील या लवादाने महाराष्ट्रास ५६० टी.एम.सी. पाणी दिले. पाण्याचा ‘वापर’ कसा मोजावा हे सांगताना लवादाने मानवनिर्मित जलाशय व अन्य बांधकामांवरील बाष्पीभवन वापरातच धरले आहे. धरणावरून उडणारे पाणी म्हणजे राज्याने वापरलेले पाणी, हे तत्त्व कृष्णा खोऱ्यात त्यामुळे प्रस्थापित आहे. त्याच निवाड्याने भूजलाचा वापर कृष्णेच्या पाण्याचा वापर मानू नये असेही म्हटले आहे. काठावरील खड्डा नेमका या दोन वाक्यांच्या सीमेवर उभा आहे. मानवनिर्मित उघडे पाणी म्हणून तो पहिल्यात बसतो, भूजल म्हणून दुसऱ्यात. सोयीचा अर्थ घेतला की तो कोणत्याच हिशेबात राहत नाही.

पंचगंगा खोऱ्यातील शक्यता

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या संगमातून पंचगंगा तयार होते आणि नृसिंहवाडी येथे कृष्णेस मिळते. उन्हाळ्यात तिच्यातील पाणी मुख्यतः धरणांतून सोडलेले असते. शाहू महाराजांनी पाया घातलेल्या राधानगरी धरणाची क्षमता ८.३६ टी.एम.सी. असून सोडलेले पाणी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत अडविले जाते. बंधाऱ्यामागील फुगवट्यालगतच्या गाळात खड्डा असेल, तर त्यातील घट प्रायः थेट त्या साठ्यातूनच भरून निघते. म्हणजे खड्ड्यावरून उडणारे पाणी हे धरणातून सोडलेले, पाणीपट्टीच्या हिशेबातील पाणी असते.

भरपाईसाठी येथे तीन उगम संभवतात. पहिला धरणातील अतिरिक्त विसर्गाचा. खाणचालकाने रक्कम भरून फेब्रुवारी ते मेपर्यंत आपल्या घटीइतके, वहनव्यय धरून, पाणी सोडून घ्यावयाचे. दुसरा उगम उपसा परवान्याचा. खड्डा झालेल्या जमिनीस पूर्वी उसासाठी उपशाची परवानगी असेल, तर ती त्या क्षेत्रापुरती परत करणे ही सर्वांत सोपी भरपाई होय. आज जमीन खणली जाते व परवाना कागदावर जिवंत राहिला तर पाणी दोनदा खर्च होते. तिसरा उगम सांडपाण्याचा. काळम्मावाडी धरणातून थेट नळाने येणारे पाणी २०२३ च्या दिवाळीत कोल्हापूर शहरात पोहोचले. हे दूधगंगेचे पाणी आहे. वापरानंतर त्याचा मोठा भाग सांडपाणी म्हणून पंचगंगेकडे येतो. लवादाने घरगुती वापरातील केवळ २० टक्के पाणी खर्ची पडते असे धरले आहे. पर्वतापलीकडून पाणी आणणाऱ्या कोलोरॅडोतील शहरांशी या स्थितीचे साम्य आहे. परंतु दोन अटी पाळल्याखेरीज हे पाणी भरपाई ठरणार नाही : ते पूर्णतः प्रक्रिया केलेले असावे, आणि शहराने भोगावती-पंचगंगेतून पूर्वी घेतलेले पाणी वजा जाता जेवढे खरोखर अधिक असेल तेवढेच मोजावे.

येथे दूधगंगाकाठचा प्रश्नही दृष्टिआड करून चालणार नाही. इचलकरंजीसाठी सुळकूड येथून दूधगंगेचे पाणी नेण्याच्या योजनेस काठावरील शेतकऱ्यांनी तीव्र विरोध केला. पिण्याच्या पाण्यासाठीचे हस्तांतर जेथे इतके वादग्रस्त होते, तेथे खाणीच्या भरपाईसाठी शेतीचे पाणी भाड्याने घेण्यास लोकमान्यता मिळेल असे समजणे धाडसाचे ठरेल. म्हणून आपल्याकडे शेतीचा कोटा हा भरपाईचा उगम न मानता धरणातील विसर्ग व परत केलेले परवाने यांवरच भर देणे श्रेयस्कर होय.

भरपाईची मर्यादा

आतापर्यंतचे विवेचन उडून जाणाऱ्या पाण्यापुरते होते. नदीपात्रातील वाळूच्या उत्खननात याहून वेगळी हानी होते. वाळूचा थर हा स्वतःच एक साठा असतो. पावसाळ्यात तो भरतो, उन्हाळ्यात हळूहळू पाणी सोडतो, काठच्या विहिरींची पातळी धरून ठेवतो आणि पाणी गाळून घेतो. थराच्या एकूण आकारमानाच्या एक-पंचमांश भाग मोकळे होणारे पाणी असते असे धरले, तरी एक हेक्टर क्षेत्रावरील २ मीटर वाळू काढल्याने ४,००० घनमीटर साठवणक्षमता नष्ट होते आणि ती एकाच वर्षापुरती नसते. पात्र खोल गेले की काठच्या भूजलाचा उतार वाढतो व विहिरी लवकर तळ गाठतात.

या हानीस भाडेपट्ट्याचे पाणी हे उत्तर नव्हे. वर्षाला अमुक घनमीटर पाणी सोडले म्हणून वाळूचा थर परत येत नाही. कोलोरॅडोची व्यवस्था मुख्यतः काठच्या मैदानातील खड्ड्यांसाठी आहे. ती जशीच्या तशी उचलून पात्रातील उपशाला लावल्यास ‘पाणी भरले, आता खणा’ असा परवाना त्यातून निर्माण होईल. पात्रातील वाळूबाबत उत्खनन टाळणे किंवा नैसर्गिक पुनर्भरणाच्या आत ठेवणे हाच मार्ग उरतो. कृत्रिम वाळूच्या वाढत्या वापराने तो काहीसा सुकर झाला आहे. मात्र त्यासाठी लागणारा दगडही खाणीतूनच येतो, हे विसरता येत नाही.

निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. भूजल उघडे पाडणारा खड्डा हा परिणामतः कायमचा उपसा आहे. भूजल कायद्यातील विहिरीच्या व्याख्येत हेतूबरोबर परिणामाचाही समावेश व्हावा.

२. गौण खनिजाच्या परवान्यात ब्रासबरोबर उघड्या पडणाऱ्या पाण्याचे क्षेत्र, महिनावार घट व भरपाईचा उगम यांची नोंद असावी. महसूल व जलसंपदा या विभागांच्या वह्या जोडण्याचा हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग आहे.

३. भाडेपट्ट्याचे पाणी केवळ उत्खनन चालू असेपर्यंतच ग्राह्य धरावे. त्यानंतरच्या काळासाठी खड्डा भरणे किंवा अस्तर घालणे यांची अनामत रक्कम आरंभीच घ्यावी.

४. भरपाई टंचाईच्या महिन्यांत व बाधित ठिकाणाच्या वरच्या बाजूस झाली पाहिजे. पावसाळ्यात सोडलेले पाणी हिशेबात धरू नये. उपसाबंदीच्या काळात भरपाई न झाल्यास उत्खननही थांबावे.

५. नदीपात्रातील वाळूच्या थराची हानी पाण्याच्या भरपाईने भरून निघत नाही. त्यामुळे या व्यवस्थेचा उपयोग पात्रातील उत्खननाच्या समर्थनार्थ करता कामा नये.

यांतील पहिली सूचना विधिमंडळाच्या अखत्यारीतील आहे. उर्वरित बहुतेक सूचनांची पूर्वतयारी मात्र जिल्हा पातळीवर सुरू होऊ शकते. नदीकाठच्या खड्ड्यांचे क्षेत्रफळ उपग्रहचित्रांवरून मोजणे, त्यांतील पातळीची बंधाऱ्यातील पातळीशी दर महिन्यास तुलना करणे, काठच्या विहिरींच्या नोंदी ठेवणे ही कामे भूगोल, अर्थशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येण्याजोगी आहेत. अशा नोंदी तीन-चार उन्हाळे सलग ठेवल्या गेल्यास, उपसाबंदीच्या बैठकीत पंपांच्या यादीबरोबर खड्ड्यांचीही यादी मांडता येईल आणि आज केवळ शेतकऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या कपातीत खाणचालकाचाही वाटा ठरविता येईल.